पालिकेच्या मालकीचा गुडघा

एखाद्या शहराची थोरवी त्याच्या मनोऱ्यांवरून किंवा पुलांवरून मोजू नये. ज्या हातांनी ते शहर उभं केलं ते हात थकल्यावर शहर त्यांना कसं सांभाळतं, यावरून मोजावी. हे वाक्य माझं आहे. पालिकेच्या दिवाबत्ती खात्यातून निवृत्त होताना निरोपाच्या भाषणात मी ते म्हणालो होतो. 'ज्या हातांनी' इथपर्यंत पोचलो आणि सभागृहातली वीज गेली. उरलेलं वाक्य मी अंधारात, बंद माईकसमोर पूर्ण केलं. टाळ्या पडल्या, पण त्या दिवे परत आले म्हणून.

त्यानंतर शहरानं माझे हात सांभाळले की नाही, हे तपासायची वेळ आली नाही. माझं दुखणं गुडघ्याचं निघालं. उजव्या.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. इमारतीसमोर बाग आहे आणि बागेच्या बरोब्बर मध्यावर, एका घनदाट झाडाखाली, चार माणसांचा एक लाकडी बाक आहे. या बाकावर पालिकेतून निवृत्त झालेली मंडळी बसतात. असा काही लेखी नियम नाही, पण बाकीचे लोक आपण होऊन लांब बसतात, कारण आमच्या गप्पा त्यांना सोसत नाहीत. या बाकावर जागा मिळवणं नोकरी मिळवण्यापेक्षा अवघड आहे. नोकरीतली जागा माणूस निवृत्त झाला की रिकामी होते. बाकावरची त्याच्याही पुढच्या घटनेनंतर. डावीकडून तिसरी जागा माझी. तिथे दुपारभर सावली असते आणि पाठीमागची फळी मोडलेली नाही. ती मिळण्यासाठी मी दोन वर्षं कडेच्या दगडावर बसून उमेदवारी केली होती.

आणि गुडघ्यानं मला त्या जागेवरून उठवलं. जिने उतरताना तो दरवाजाच्या बिजागरीसारखा वाजायचा. पुढे पुढे वाजायचाही बंद झाला आणि नुसता अडून बसायला लागला. मी घरात अडकलो. गॅलरीतून बाक दिसायचा. एक दिवस पाहिलं, तर डावीकडून तिसऱ्या जागेवर दुसऱ्या मजल्यावरचे सल्लागार बसलेले.

यांचा धंदा सल्लागाराचा नाही. ते कुठल्याशा खासगी कंपनीतून निवृत्त झाले आहेत. सल्लागार हे नाव त्यांना आम्ही दिलं, कारण आयुष्यात त्यांचा सल्ला कोणी मागितलेला नाही आणि त्यामुळे त्यांचं काही अडलेलंही नाही. मी गॅलरीतून हात केला तर त्यांनी बसल्या जागेवरून ओरडून सांगितलं, "तात्पुरता बसलोय हो. तुमची जागा गरम ठेवतोय."

आभार मानावेत असा त्यात सूर होता.

संध्याकाळी ते वर आले आणि म्हणाले, "उलटं चाला. आयुष्यभर गुडघा एकाच बाजूला वळवलात ना? आता दुसरीकडून झिजू द्या. समतोल साधतो."

मी शिकलेला माणूस आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी इमारत झोपलेली पाहून मी जिन्यासमोरच्या बोळात उलटा चालू लागलो. समोरच्या घराचं दार उघडं होतं, हे मला पाठीला डोळे नसल्यामुळे कळलं नाही. त्या घरातली मुलगी पडद्यावर ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. तिच्या मागून, गळ्यात टॉवेल टाकलेला एक गृहस्थ पाठमोरा, संथपणे या टोकाकडून त्या टोकाकडे गेला, हे तिच्या सबंध कंपनीनं पाहिलं. साहेबांनी विचारलं, हे कोण? ती म्हणाली, "नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे, सर."

आयुष्यात मला बरीच नावं ठेवली गेली, पण हे नवीन होतं.

बायको म्हणाली, "अहो, पुरे झालं आता. बदलून घ्या तो गुडघा. तुम्ही दिवसभर घरात असता, हे माझ्या तब्येतीला झेपत नाही."

डॉक्टरही तेच म्हणाले, फक्त कारण वेगळं दिलं.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल मी पालिकेकडे भीक मागायला गेलो. आम्ही नोकरीत असताना पगारवाढ मागितली की दर वेळी साहेब म्हणायचे, "पगाराचं काय घेऊन बसलात? आज हातात, उद्या खर्च. त्यापेक्षा म्हातारपणी तुमची आणि बायकोची औषधं, ऑपरेशनं, सगळं पालिकेकडे. जन्मभर." आम्ही माना डोलावल्या आणि पगारवाढीऐवजी वचन घेऊन घरी आलो. म्हणजे निवृत्तांचा औषधपाणी खर्च ही पालिकेची दया नव्हे. तो आमचाच पगार आहे. फक्त तीस वर्षं उशिरा, गोळ्यांच्या रूपात मिळतो.

हा पगार आणायला मी खुर्चीत बसून तीन जिने उतरलो. खुर्ची मागून आणि पुढून धरणारे दोघं हमाल होते. सल्लागार पुढे उलटे चालत सूचना देत होते. त्यांना कशालाच धडक बसली नाही, याची मी नोंद घेतली.

मुख्य लेखापालांची खोली पालिकेच्या पहिल्या मजल्यावर आहे. माणूस किडकिडीत, स्वच्छ, आवाज इतका हळू की आपण काही चुकीचं केलंय असंच वाटावं. टेबलाखाली एका खोक्यावर उजवा पाय लांब करून ते बसले होते. वरिष्ठ अधिकाऱ्यांची बसण्याची अशी एक तऱ्हा असते, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी माझा अर्ज पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही दायित्व आहात."

"कुणाचं?"

"शहराचं."

"घरी साधारण असंच म्हणतात," मी म्हणालो, "पण इतक्या जड शब्दात नाही."

मग त्यांनी मला समजावलं. ते समजावणं मी इथे माझ्या भाषेत देतो, कारण त्यांच्या भाषेत ते ऐकताना माझा दुसरा गुडघाही दुखायला लागला होता. आजवर पद्धत अशी होती की म्हातारा आजारी पडला की त्या वर्षी बिल द्यायचं आणि विसरून जायचं. पुढच्या वर्षीचा म्हातारा पुढच्या वर्षी. आता वरून नवा नियम आला होता: वचन दिलंय म्हणजे ते कर्जच. तेव्हा आजवर निवृत्त झालेले सगळे, त्यांच्या बायका, नवरे, आणि पुढे निवृत्त होणारे, या सगळ्यांना मरेपर्यंत जे जे औषध लागेल त्याची आजची किंमत काढा आणि पालिकेच्या ताळेबंदात देण्याच्या बाजूला लिहा.

"बरोबरच आहे की," मी म्हणालो. "देणं असेल तर लिहायला नको?"

"लिहिलं," लेखापाल हळूच म्हणाले. "आकडा रकान्यात मावेना. कागद आडवा करून छापावा लागला. ही इमारत, पूल, पाण्याच्या टाक्या, कचऱ्याच्या गाड्या, सगळं विकलं तरी तुम्हा लोकांच्या गोळ्या भागत नाहीत."

"पण त्यासाठी दर वर्षी थोडे थोडे बाजूला ठेवायचे असतात ना?"

"ठेवायचे असतात."

"ठेवले?"

"त्या वर्षी प्रवेशद्वाराची कमान बांधली."

"कुठल्या वर्षी?"

"दर वर्षी काही ना काही असतंच हो," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात माझ्या अडाणीपणाबद्दल कळकळ होती. "आता महापौरांना बागेत कारंजं बांधायचंय. संगीतावर नाचणारं. बँकेची माणसं कर्ज द्यायला आली, ताळेबंद उघडला, तुम्ही लोक दिसलात आणि बँक चहा न घेता परत गेली."

म्हणजे शहराचं कारंजं माझ्या गुडघ्यावर अडकलं होतं. तीस वर्षांच्या सेवेत माझं इतकं वजन कधीच नव्हतं.

"तज्ज्ञ नेमून प्रत्येकाचं वय काढलंय," लेखापाल म्हणाले.

"माझं वय मला माहीत आहे."

"शेवटचं."

त्यांनी कागद फिरवून दाखवला. तज्ज्ञांनी मला ऐंशीच्या थोडं पलीकडे नेऊन सोडलं होतं. मी जरा घासाघीस करून पाहिली, पण ते म्हणाले, हे सरासरीनं येतं, यात वैयक्तिक काही नसतं. आपल्या मरणात वैयक्तिक काही नसतं, हे घोकत मी खुर्चीतून घरी परतलो. बायकोला सगळं सांगितलं. तुझं माझ्यापेक्षा चार वर्षं जास्त काढलंय, हेही सांगितलं.

ती भाजी निवडत होती. हात थांबले. "चार वर्षं?" ती म्हणाली. "सलग?"

महिन्याभरानं लेखापालांचं बोलावणं आलं. पुन्हा खुर्ची, पुन्हा हमाल. या वेळी त्यांचा चेहरा उजळलेला होता. हिशेबाच्या माणसाला कल्पना सुचली की जी कळा येते ती होती.

"औषध हा खर्च आहे," ते म्हणाले. "घेतलं की संपलं. पण गुडघा? गुडघा ही वस्तू आहे. धातूची, टिकाऊ, पंधरा-वीस वर्षं चालणारी. वस्तू खर्चात धरायचीच कशाला? ती मालमत्ता. तेव्हा पालिका तुम्हाला गुडघा देणार नाही. पालिका स्वतःसाठी गुडघा विकत घेईल आणि तुमच्यात ठेवेल."

"माझ्यात?"

"कुठेतरी ठेवावाच लागतो ना."

नुसता गुडघा नव्हे. दातांच्या कवळ्या, कानातली यंत्रं, डोळ्यातली भिंगं, हृदयातल्या बॅटऱ्या, सगळं पालिकेच्या मालकीचं. जे म्हातारे काल ताळेबंदाच्या देण्याच्या बाजूला मेल्यासारखे पडले होते, ते उचलून मालमत्तेच्या बाजूला उभे केले. देणं एका पैशानं कमी झालं नव्हतं, हे मला दिवाबत्ती खात्यातला असूनही दिसत होतं. पण सभागृहाला दिसलं नाही. ठराव एकमतानं पास झाला. सगळ्यांचे दोन्ही गुडघे बदलले तर कारंजं रंगीत करता येईल का, असं महापौरांनी विचारलं म्हणतात.

मी सही केली. मला हसा खुशाल. गॅलरीतून रोज सल्लागारांना माझ्या फळीला टेकलेलं पाहणाऱ्या माणसानं दुसरं काय केलं असतं?

वस्तू म्हटली की पालिकेत निविदा आली. सर्वांत कमी दराची निविदा आली ती दिव्याच्या खांबांच्या कंत्राटदाराची. याला मी चांगला ओळखून होतो. त्याचे खांब वाऱ्याआधीच वाकायचे. त्यानं पाठवलेला नमुना डॉक्टरांनी चिमटीत धरून पाहिला आणि विचारलं, "हे घोड्यासाठी आहे का?" मग फेरनिविदा निघाली. मग दुसरा गुडघा आला, तो चांगला होता.

ऑपरेशनच्या दिवशी आणखी एक विघ्न. पालिकेच्या प्रत्येक वस्तूवर, मग ती खुर्ची असो की टाचणीची डबी, पांढऱ्या रंगात क्रमांक घालतात. हे काम मोजणीवाल्याचं. हा माणूस वर्षभर पालिकेच्या वस्तू मोजत हिंडतो. त्यानं स्वतःच्या घरची मुलंही रोज रात्री मोजली तर मला नवल वाटणार नाही. मला गुंगी चढत असताना कानावर पडलं ते त्याचं आणि डॉक्टरांचं भांडण. तो रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन दारात उभा होता.

"आत बसवण्याआधी क्रमांक घालायला हवा, डॉक्टर. नंतर मला दिसणार नाही."

"तो निर्जंतुक केलाय हो. रंग कसला लावताय?"

"रंगही नवाच आहे. आज डबा फोडलाय."

डॉक्टरांनी त्याला हाकलला, असं परिचारिकेनं मला नंतर सांगितलं. पण मोजणीवाला नियमाचा पक्का. वस्तू कुलपात असेल तर ती ज्या कपाटात आहे त्याच्यावर क्रमांक घालावा, असं एक कलम त्यानं शोधून काढलं. म्हणजे मी कपाट. मी शुद्धीवर आलो तेव्हा माझ्या मांडीवर, पट्टीच्या वर, ठसठशीत पांढरा क्रमांक होता आणि फुंकर घालून तो वाळवण्याचं काम चालू होतं.

पण गुडघा झकास बसला. दोनेक महिन्यांत मी घरभर हिंडू लागलो, मग जिन्याचा एक टप्पा उतरून चढू लागलो. आणि एका सकाळी मी स्वच्छ कपडे केले, केस विंचरले, बायकोला म्हणालो, "येतो गं, बाकावर जाऊन." तिनं दार इतक्या लगबगीनं उघडलं की मला भरून आलं.

तीन जिने उतरलो. खाली फाटकाशी मोजणीवाला उभा होता. वार्षिक पडताळणीला आला होता.

"कुठे निघालात, साहेब?"

"बागेत."

"जा की," तो म्हणाला. "गुडघा मात्र जाऊ शकत नाही."

मला वाटलं तो थट्टा करतोय. पण मोजणारी माणसं थट्टा करत नाहीत. त्यानं हातातला कागद दाखवला. वस्तू: गुडघा, धातूचा, उजवा. वस्तूचं ठिकाण: तिसरा मजला, पुढची खोली. ठिकाणावरून वस्तू हलवायची तर बाहेर नेण्याचा परवाना हवा.

"परवाना कुठे मिळतो?"

"पालिकेत. स्वतः येऊन सही करावी लागते."

"अरे बाबा, पालिकेत यायचं तर गुडघा बाहेर येणारच ना?"

त्यानं विचार केला. मनापासून केला. "घरी ठेवून या," तो म्हणाला.

मी तीन जिने चढून वर गेलो. नव्या गुडघ्यानं केलेली पहिली मोठी चढण ती ही. बायकोनं दार उघडलं आणि मला पाहून तिचा चेहरा जो पडला, तो मी विसरायचं ठरवलं आहे.

पुन्हा गॅलरी. फरक इतकाच, की पूर्वी मला चालता येत नव्हतं म्हणून मी घरात होतो. आता चालता येत होतं म्हणून. बाकावर सल्लागार पाय पसरून बसले होते. त्यांच्या शेजारी बंबवाले. हे अग्निशमन दलातले, निवृत्त झाल्यावरही कुठे धूर दिसला की नाक वर करून हुंगतात आणि "साधा कचरा" म्हणून तुच्छतेनं मान फिरवतात. त्या दिवशी ते मला भेटायला वर आले. गाल आत गेलेले, हनुवटी नाकाला भेटायला निघालेली.

"दात काय झाले?" मी विचारलं.

"घरी आहेत," बंबवाले म्हणाले. "ठिकाण घरचं लिहिलंय. बाहेर नेता येत नाहीत. जेवायला घरी जातो, तेव्हा भेटतो त्यांना."

ज्या माणसानं जळत्या इमारतींत उड्या घेतल्या त्याचे दात फडताळात, आणि तो नियम मोडायला तयार नाही. पालिकेची शिस्त म्हणतात ती ही. या शिस्तीच्या जोरावरच वर बसलेले लोक मजेत कमानी बांधतात.

बायको इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, पण ठिकाण बदलता येत नाही का? कपाटं नाही या खोलीतून त्या खोलीत जात?"

"जातात," मी म्हणालो. "बदलीचा अर्ज करावा लागतो."

"मग बाकाचं ठिकाण द्या ना. बाक पालिकेचाच आहे. पालिकेची वस्तू पालिकेच्या वस्तूवर. कुणाच्या पोटात दुखणार?"

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. तिच्या त्या जास्तीच्या चार वर्षांत ही बाई काय काय करेल, असं वाटून गेलं.

अर्ज बायकोनंच नेऊन दिला. आश्चर्य म्हणजे तो आठवड्यात मंजूर झाला. पालिकेच्या वस्तू खासगी घरात का ठेवल्या, असा आक्षेप तपासनिसांनी आधीच काढला होता. लेखापालांना माझा अर्ज म्हणजे वरदान वाटला. हुकूम निघाला: सदर गुडघा बागेतल्या मधल्या बाकावर, डावीकडून तिसऱ्या जागी, कार्यालयीन वेळेत ठेवण्यात यावा, उघड्यावरची वस्तू म्हणून सूर्यास्तानंतर बंदिस्त जागी हलवावा.

मोजणीवाला रंगाचा डबा घेऊन बाकाशी आला. मी मागोमाग. सल्लागार माझ्या जागेवर पेपर वाचत होते.

"उठा," मोजणीवाला म्हणाला. "ही जागा गुडघ्याची आहे."

"कुणाच्या?"

"पालिकेच्या."

सल्लागारांनी सल्ला द्यायला तोंड उघडलं, पण हुकमाचा कागद पाहून मिटलं. ते उठले. मोजणीवाल्यानं फळीवर क्रमांक घातला. आणि मग, काय झालं कोण जाणे, पण मला वाटतं निव्वळ सवयीनं, सल्लागार परत खाली बसले. ओल्या रंगावर. पुन्हा उठले तेव्हा माझ्या गुडघ्याचा क्रमांक त्यांच्या पँटवर मागच्या बाजूला, आरशात दिसतो तसा उलटा, पण पूर्ण उमटला होता. मोजणीवाल्यानं तो वाचला, मान तिरकी करून खात्री केली आणि लिहून घेतला. त्या महिन्याच्या ताळेबंदात पालिकेकडे एक गुडघा जास्त दिसला. तो कमी करायला कुणी धजावलं नाही, कारण बँक पुन्हा चहाला आली होती.

माझी जागा मला मिळाली. इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण हुकमातले 'कार्यालयीन वेळेत' हे शब्द मी आनंदाच्या भरात नीट वाचले नव्हते. सकाळी दहाला बाकावर हजर, संध्याकाळी साडेपाचला सुट्टी. मध्ये उठायचं तर मोजणीवाल्याला सांगून. दुपारी जेवणाचा डबा बायको गॅलरीतून दोरीनं खाली सोडायची, मोजणीवाला तो बाकावर आणून द्यायचा, आणि दोरी ओढून घेताना ती गाणं गुणगुणायची. नोकरीत असताना मी इतका वेळ जागेवर कधीच बसलो नव्हतो, आणि तेव्हा मला पगार मिळत असे.

माझं पाहून बंबवाल्यांनी दातांची बदली बाकावर करून घेतली. पाणीपट्टीतल्या बाई कानातलं यंत्र घेऊन आल्या. चौथ्या जागेवर रस्ते खात्यातला एक गृहस्थ हृदयातल्या बॅटरीसकट दाखल झाला. बाक भरला. कोणी म्हातारा जवळून गेला तरी मोजणीवाला आशेनं त्याच्याकडे पाही.

आणि बँकेनं कर्ज दिलं. तारण म्हणून पालिकेची मालमत्ता लिहून घेतली. आम्हीच ते. कारंज्याचा नकाशा आला. माणसं फावडी घेऊन बागेत शिरली, नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला आणि सरळ आमच्यासमोर येऊन उभी राहिली. कारंजं बागेच्या बरोब्बर मध्यावर होतं.

"बाक उचलायचाय," मुकादम म्हणाला.

"हात लावू नका," मोजणीवाला म्हणाला, आणि आयुष्यात प्रथमच मला त्याचा पापा घ्यावासा वाटला. "हे तारणाचं ठिकाण आहे. कर्ज फिटेपर्यंत बदलता येत नाही."

मुकादमानं महापौरांना फोन लावला. महापौरांनी लेखापालांना. बाकाच्या जोरावर मिळालेल्या कर्जातून, बाक न हलवता, बाकाच्या जागी कारंजं बांधायचं होतं. नकाशा मिटून माणसं झाडाखाली झोपली.

संध्याकाळी स्वतः मुख्य लेखापाल आले. फाटकापासून बाकापर्यंत यायला त्यांना बराच वेळ लागला. दर थोड्या पावलांवर थांबून ते झाडं बघत होते. मला वाटलं, मोठी माणसं अशी सावकाश येतात. येऊन ते आमच्यासमोर उभे राहिले. बंबवाल्यांनी मुद्दाम सगळे दात दाखवले.

"महिनाअखेरीला मी निवृत्त होतोय," लेखापाल म्हणाले. आवाज नेहमीपेक्षाही हळू. "कारंजं माझ्या कारकिर्दीत सुरू व्हावं, एवढीच इच्छा आहे. तुम्ही मनावर घेतलंत तर होईल."

"वस्तू जागेवर आहे," मी म्हणालो. "पडताळून घ्या."

"एक मार्ग आहे. तुमचा गुडघा आम्ही निकामी म्हणून वहीतून काढून टाकतो. मग तो तारणात राहत नाही. बाकीच्यांच्या वस्तूंचंही तसंच केलं की बाक मोकळा होतो."

"निकामी? उत्तम चालतोय तो."

"कागदावर हो. भंगार म्हणून."

तीस वर्षं शहराला उजेड पुरवलेल्या माणसाला आधी दायित्व म्हणाले, मग कपाट, आता भंगार. तरी मी ते गिळलं. "बरं, मग तो माझा होईल?"

"भंगाराचा लिलाव करावा लागतो."

"मी बोली लावीन."

"माजी कर्मचाऱ्यांना मनाई आहे. संगनमत होतं."

"मला मनाई नाही," मागून आवाज आला. सल्लागार कडेच्या दगडावर बसले होते, उमेदवारांच्या दगडावर, आणि माझ्या पायाकडे सामानाच्या दुकानाकडे पाहावं तसं पाहत होते.

मग मात्र मी बोललो. निरोपाच्या दिवशी अंधारात राहिलेलं भाषण मी तिथे उजेडात पूर्ण केलं. वचन देताना तुम्ही आमचे पगार कापलेत, वचन पाळायची वेळ आली तेव्हा पैसे कमानींत घातलेले निघाले, आणि आता देणं फेडायचं सोडून तुम्ही नुसती त्याची बाजू बदललीत. म्हातारा डावीकडून उचलून उजवीकडे ठेवला की त्याचं दुखणं थांबत नाही, साहेब. तुमचं थांबेल का? तुम्हीही महिनाअखेरीला याच आडव्या कागदावर येणार. कुठल्या रकान्यात बसणार, तेवढं ठरवून ठेवा.

पाणीपट्टीतल्या बाईंनी यंत्राचा आवाज वाढवला होता, तो कमी केला. मोजणीवाल्यानं लिहिणं थांबवलं. मला वाटलं, आता हा माणूस उत्तर देईल. नियम काढेल, कलम काढेल, निदान रागावेल तरी. मी त्यासाठी आणखी दोन वाक्यं राखून ठेवली होती, आणि ती पहिल्यांपेक्षा बरी होती.

लेखापालांनी दिव्याच्या खांबाला हात टेकला. तो खांब त्याच कंत्राटदाराचा, जरा वाकला. त्यांनी सगळा भार डाव्या पायावर घेतला होता आणि उजवा नुसता जमिनीला टेकवला होता. ते आमच्या बाकाकडे पाहत होते. क्रमांकांकडे नव्हे, तारणाकडे नव्हे. माझ्या आणि बंबवाल्यांच्या मध्ये जी वीतभर फळी उरते, तिच्याकडे.

"जरा सरकता का?" ते म्हणाले. "उभं राहवत नाही हो. गुडघा."